मोरिता-सानच्या खिडकीतली चिलीम

मित्रांनो, मी भाजक्या मातीची, लांब दांड्याची एक जुनी चिलीम. माझं तोंड काळं आहे, ते नुसत्या धुरानं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मस्कोगी लोकांत झाला. गोरे त्यांना क्रीक म्हणत. त्यांची काही गावं पांढरी म्हणून ओळखली जात. तिथे तहाची बोलणी होत आणि शत्रूचंही रक्त सांडायचं नसे. शेजारच्या चेरोकी किंवा चोक्टॉ जमातीचे लोक आले, की मला पांढरी पिसं बांधून हातोहात फिरवत. झुरका घेतला, की शब्द पक्का. तेव्हा मी केवढी मिरवायची!

मग गोऱ्या वसाहतीचा माणूस आला. "नदीच्या अलीकडे आमचं एकही जनावर येणार नाही," म्हणाला आणि त्यानं झुरका घेतला. पुढच्या हंगामात अलीकडे त्यांची गुरंही होती आणि कुंपणंही. म्हातारा गावप्रमुख माझ्याकडे बघून म्हणाला, "हिच्या भरवशावर मी माझ्या लोकांना शांत बसवलं." तोंड कुठे लपवावं त्याला कळेना. मलाही कळेना.

पुढे एका खलाशाच्या पेटीतून मी जपानात योकोहामाला आले आणि जुन्या वस्तूंच्या दुकानातून यतीनच्या घरी. यतीन आणि स्वप्ना मूळचे पुण्याचे, कंपनीनं इकडे पाठवलेले. इथे कचरा गाडी येते त्याच दिवशी सकाळी, जाळीखाली ठेवायचा असतो. यतीन आदल्या संध्याकाळीच उघड्यावर ठेवून मोकळा व्हायचा. कावळे पिशव्या फाडत आणि समोरच्या मोरिता आजी वाकून रस्ता झाडत. एकदा त्यांनी तक्रार केली, तेव्हा दोघं मिठाई आणि मला घेऊन माफी मागायला गेले.

"पुन्हा असं होणार नाही, मोरिता-सान," यतीन म्हणाला. "ही तहाची चिलीम आहे."

आजींनी मला दोन्ही हातांनी घेतलं आणि खिडकीत ठेवलं. इतक्या काळानं कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकला होता.

पुढच्याच आठवड्यात, त्याच खिडकीखाली, संध्याकाळी यतीन पिशवी घेऊन आला. "उद्या अर्ली मीटिंग आहे गं," तो स्वप्नाला म्हणाला. "एकदाच ठेवतो. कोण बघतंय?"

मी बघत होते.

सकाळी आजी पुन्हा झाडू लागल्या. स्वप्ना धावत आली. "मोरिता-सान, द्या ना, मी झाडते."

आजींनी झाडू दिला नाही. आत जाऊन त्यांनी मला आणलं आणि तिच्या हातात ठेवलं. "ही तुमच्याकडेच असू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडे झाडू आहे."

स्वप्नाची मान वर होईना. मला तर मातीत मिसळून जावंसं वाटलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका. पण शब्द पाळायचा नसेल, तर मला मध्ये घालू नका. नंतर झाडायला कुणीतरी म्हातारं माणूस वाकतं.