बूच लागलेली बाटली

थंडीत ताप आला आणि आमच्या ह्यांचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवरच आहे, अजून चांगलं धारदार आहे, पण वास यायचा बंद झाला. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला सांगितलं ते दुधाने. गॅसवर पातेलं करपून काळं झालं, स्वयंपाकघरात धूर कोंडला, आणि हे तिथेच टेबलाशी बसून पेपर वाचत होते. मी पुढच्या खोलीतून शिलाईमशीन सोडून धावत आले, तर मान वर करून म्हणतात, "अगं, काय झालं?"

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण ह्यांचा सगळा जन्म नाकावर गेलेला. निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या हॉटेलात वाईनचा कारभार त्यांच्याकडे होता. कुठल्या जेवणाबरोबर कुठली बाटली, ती किती आधी उघडायची, किती गार ठेवायची, सगळं हे ठरवणार. हॉटेलातली माणसं त्यांना नाकसाहेब म्हणत, आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करत. आतून मात्र खूश. त्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. मी आपली शिंपीण. वाईनमधलं मला एवढंच कळतं, की कपड्यावर सांडली तर लगेच मीठ टाकावं.

मी काही विचारलं नाही. म्हटलं, सांगतील. ताप उतरून किती दिवस झाले, उन्हं तापायला लागली, तरी माणूस गप्प. सकाळी चहाचा कप नाकाशी न्यायचे, क्षणभर थांबायचे आणि तसाच प्यायचे. रोज. मला राग यायचा. एवढ्या वर्षांचा संसार आणि घरातल्या घरात झाकली मूठ! मग मीही हट्टाला पेटले. तुम्ही सांगत नाही ना, मग मीही विचारत नाही. आता वाटतं, दोघांपैकी एकाला तरी अक्कल असायला हवी होती.

अशातच लेकीचं लग्न ठरलं. आमची लेक दातांची डॉक्टर, एकुलती एक, बापाची फार लाडकी. होणारे व्याही टायरचे व्यापारी. माणूस सोन्यासारखा, पण आवाज असा की शेजारच्यांनाही निरोप मिळावा. पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर करून टाकलं, "व्याही, लग्नाच्या जेवणातली वाईन तुम्ही निवडायची. आणि जेवणाआधी उभं राहून तिच्याबद्दल चार शब्दही तुम्हीच बोलायचे. आमच्या पाहुण्यांना कळू दे, आम्ही कुणाशी सोयरीक केली ते!"

ह्यांनी मान हलवली. मी ह्यांच्याकडे बघत होते आणि हे टेबलक्लॉथकडे.

वाईन निवडणं त्यांना जड गेलं नाही. डोक्यात तर सगळं शाबूतच होतं. इटलीची एक लाल वाईन त्यांनी सांगितली, तीन जातींच्या द्राक्षांच्या मिश्रणाची, दणकट. दुकानदाराने चाखायला दोन बाटल्या पाठवल्या. रविवारी दुपारी व्याही यायचे, चाखायची, पसंत पडली की संध्याकाळी ऑर्डर द्यायची. साधं काम. पण शनिवारभर हे घरात येरझाऱ्या घालत होते. ग्लास पुसून झाले, पुन्हा पुसले. मी म्हटलं, "काचा झिजतील." तर हसलेसुद्धा नाहीत.

रविवारी व्याही एकटेच आले. जावयाची दवाखान्यात ड्यूटी होती आणि विहीणबाईंचे गुडघे धरले होते. पुढच्या खोलीतल्या टेबलावर पाव, चीज, अक्रोड मांडले. लेक बापाशेजारी बसली. ह्यांनी बाटली उघडली, आणि काय सांगू, बघत राहावं असं उघडली. आवाज नाही, धक्का नाही. मग बूच नाकाशी धरलं आणि समाधानाने मान डोलावली.

मी मांडलेला पाव उगाच पुन्हा नीट मांडायला घेतला.

"ह्यात तीन जणं नांदतात," हे सांगायला लागले. हॉटेलातला आवाज बरोबर लागला होता. "पहिली सांजोवेझे. ती त्या घरची थोरली सून. बोलणं जरा आंबट, पण घर तिच्या जिवावर चालतं. दुसरा कॅबर्ने, तो बाहेरून आलेला, कडक शिस्तीचा सासरा. तो नसता तर घराला कणा नसता. आणि तिसरी मर्लो, धाकटी जाऊ, गोल गुबगुबीत. दोघांची भांडणं झाली की मध्ये पडते आणि सगळ्यांना जेवायला बसवते."

"वा!" व्याही खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे आमचंच घर की हो!"

ग्लास भरले गेले. गडद लाल रंग, काठाशी किंचित विटकरी. ह्यांनी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "काळी चेरी," म्हणाले. "सुकलेली पानं. थोडं चामडं. आणि अगदी शेवटी, पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो ना, तसा वास."

मीही ग्लास नाकाशी नेला. मला चेरी नाही, चामडं नाही, काहीच येईना. आला तो कुबट वास. माझ्या दुकानात एकदा नळ गळून बटणांची खोकी भिजली होती, तेव्हा पुठ्ठ्यांना आला होता तसा. पण मी बोलणार काय? वाईनवाल्यांचा काही नेम नाही. हे लोक घोड्याच्या खोगिराचा वास आला तरी हुरळून जातात. म्हटलं, असेल हेच काहीतरी थोर.

मग माझं लेकीकडे लक्ष गेलं. लहानपणी तिचे डोळे बांधून हे तिला स्वयंपाकघरातल्या बरण्या हुंगायला लावत आणि ती एकूण एक ओळखत असे. तिने ग्लास नाकाशी नेला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला. बापाकडे बघितलं. बाप पेन्सिलीबद्दल बोलत होता. पोरीचा चेहरा उतरला, आणि मला कळलं. बाटलीला बूच लागलं होतं.

एवढी वर्षं ह्यांच्यासोबत जेवल्यावर तेवढं मलाही माहीत झालं आहे. कधीकधी बूचच खराब निघतं आणि आतली वाईन कुबट होते. पिणाऱ्याला काही होत नाही, पण फळांचा वास मरून जातो. अशी बाटली पाहुण्याच्या ग्लासात पडायच्या आत पकडायची, हे वाईनवाल्याचं पहिलं काम. ह्यांनी जन्मभर तेच केलं.

"व्याही, एक विचारू?" टायरवाल्यांनी ग्लासातून नाक बाहेर काढलं. "हसू नका हं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण मला जरा तळघरासारखा वास येतोय. ओलसर. हेच ना ते तुमचं?"

  ह्यांच्या बोटांनी ग्लासाची दांडी घट्ट धरली होती.

"हो," ते म्हणाले. "तळघर. जुन्या पिंपांचा असतो तो. तुमचं नाक चांगलं आहे."

वाईनच्या बाबतीत ह्यांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. एका मंत्र्याला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की साहेब, तुम्ही आणलेली बाटली महाग आहे, चांगली नाही. त्या माणसाला आज स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या व्याह्यापुढे खोटं बोलावं लागलं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"बाबा, ग्लासांना पुसायच्या फडक्याचे धागे लागलेत," लेक उठली. "मी विसळून आणते." आणि ग्लासांबरोबर तिने बाटलीही उचलली. मी तिच्या मागोमाग आत गेले.

"आई, बाबांना वास..."

"येत नाही. मला माहीत आहे."

"कधीपासून? आणि तू मला बोलली नाहीस?"

"त्यांनी मलाच सांगितलं नाही, तर मी तुला कशी सांगू?"

"धन्य आहात तुम्ही दोघं!" ती पुटपुटली, पण डोळे भरले होते. तिने पहिली बाटली मोरीत ओतून दिली आणि कपाटातून दुसरी काढली. ही उघडल्याबरोबर मलासुद्धा फरक कळला. पहिलीइतकी होईपर्यंत तीही मोरीत ओतली आणि पहिलीच्या गळ्याला होता तो रुमाल हिच्या गळ्याला गुंडाळला. मायलेकी चोरासारख्या बाहेर आलो.

आमचा बेत चांगला होता. पण टेबलाशी टायरवाले बसलेत, हे आम्ही विसरलो. ते म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अरेच्चा!" पहिल्याच घोटाला ते ओरडले. "तळघर गेलं की! आता काय मजा येतेय! व्याही, ग्लास विसळल्याने एवढा फरक पडतो?"

ह्यांनी बाटलीकडे बघितलं. मग लेकीकडे, मग माझ्याकडे. मी नजर चुकवायला अक्रोड फोडायला घेतला, तोही फुटेना.

"ही दुसरी बाटली आहे," हे म्हणाले. "पहिलीला बूच लागलं होतं?"

लेकीने मान हलवली.

हे उठून उभे राहिले. हॉटेलात टेबलाशी उभे राहत, तसेच, सरळ. "व्याही, मी तुम्हाला खराब वाईन चांगली म्हणून पाजली. मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून एकही वास येत नाही. मघाशी जे बोललो ते सगळं आठवणीतलं होतं. लग्नात बोलायला दुसरं कुणी बघा. माझी लाज जायची ती गेली, पण तुमच्या पाहुण्यांसमोर तुमची नको जायला."

मला वाटलं, आता व्याही काहीतरी सांत्वनाचं बोलतील आणि सगळं आणखी अवघड होईल. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच.

"म्हणजे," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "खराब बाटली मी ओळखली?"

"तुम्हीच ओळखलीत."

"मी! घरी सांगितलं तर विश्वास नाही बसणार कुणाचा!" आणि ते असे गडगडाटी हसले की लेकही हसली, मग हेही.  व्याह्यांनी त्यांच्या खांद्यावर आपला जाडजूड पंजा ठेवला. "बसा हो. बोलणार तुम्हीच. त्या सुनेचं आणि सासऱ्याचं बोलायला नाक लागतं का? आता एवढंच सांगा, ही वाईन घ्यायची की नाही?"

ह्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला. डोळे उघडेच होते. "जिभेला कळतंय तेवढं सांगतो. आंबटपणा बरोबर आहे, तोंडाला पाणी सुटतंय. हिरड्या आवळल्या जातायत, म्हणजे कणा आहे. वजनही आहे." मग त्यांनी ग्लास माझ्यापुढे सरकवला. "वासाचं तू सांग."

"मी? लेकीला विचारा. मला काय कळतंय?"

"तिला मी शिकवलंय, ती माझंच बोलणार. तू सांग."

मी नाक घातलं. "फळं आहेत. काळसर. जास्त पिकलेली, बाजार उठताना स्वस्तात देतात तशी."

"चेरी, पिकलेली. छान. अजून?"

"नव्या पट्ट्याचा वास. बकल लावायच्या आधीचा. आणि... धुऊन वाळवलेल्या लोकरीचा, थोडासा."

हे ऐकत होते. एकेका शब्दाला मान हलवत होते, दूरच्या गावाची खबर कुणी आणून द्यावी तसे. "घ्या," ते व्याह्यांना म्हणाले. "चांगली आहे."

लेक व्याह्यांना सोडायला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. ऊन कलून ओट्यावर आलं होतं. मी ग्लास धूत होते, हे पुसत होते. आता मात्र मी सोडलं नाही.

"मला का नाही सांगितलंत? मी काय परकी?"

त्यांनी पुसून झालेला ग्लास पुन्हा पुसायला घेतला. "तुला सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"सगळं म्हणजे काय?"

"वाईनचं जाऊ दे गं. निवृत्त झालो, संपलं. पण मला तुझा वास येत नाही."

मी नळ बंद केला. "माझा? मला कसला आलाय वास?"

ह्यांनी ग्लास खाली ठेवला, हात पुसले आणि डोळे मिटले. "आधी इस्त्रीखालच्या ओल्या सुती कापडाचा. मग खडूचा, कोरडा. मशीनच्या तेलाचा किंचित, तो फक्त उजव्या हाताला. केसांत साबण, पण संध्याकाळपर्यंत तो जातो. आणि सगळ्यांत शेवटी, तू झोपलीस की मानेशी एक येतो. त्याला शब्द नाही. एवढी वर्षं शोधला, मिळाला नाही. आता तर तो वासही गेला."

हजारो अनोळखी माणसांपुढे ह्या माणसाने बाटल्यांची वर्णनं केली. माझ्याबद्दल एवढं कधी बोलले नव्हते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"परत सांगा," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं.