पणजोबांचं अक्षर

पणजोबांनी लढाईवरून धाडलेलं एकुलतं एक पत्र आजवर घरात कुणालाच वाचता आलं नव्हतं. थोरल्या भावानेही भिंग लावून पाहिलं आणि हात टेकले. "कोंबडीचे पाय शाईत बुडवून फिरवलेत नुसते," म्हणत त्याने पत्र बहिणीकडे दिलं. तिचं सारं आयुष्य पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात गेलं होतं.

तिने कागद खिडकीशी नेला. वेलांट्या उलट्या होत्या, काने भलत्याच जागी होते. असं अक्षर तिने मुलांच्या पाट्यांवर रोज पाहिलं होतं.

"दादा, हा माणूस नुकताच लिहायला शिकलाय रे!"

"अगं, पणजोबा तर अंगठा उठवून भरती झाले होते."

"म्हणजे तिथे शिकले. लढाईत!"

बोट फिरवत ती वाचू लागली. "मी बरा आहे. हे मी स्वतः लिहिलं. तूही शीक, म्हणजे आपलं बोलणं तिसऱ्याला कळणार नाही."

भावाने हळूच कागद उलटला. मागे तीच वाक्यं निराळ्या शाईत, थरथरत्या हाताने उतरवली होती, उलट्या वेलांट्यांसकट.

"पणजी," बहीण पुटपुटली, आणि दोघंही नकळत उठून उभी राहिली.