मी उगाळलेली तीन वर्षं

"होडी दर्यावर असताना घरच्या बाईनं खाडी ओलांडायची न्हाय. का, ते इचारायचं न्हाय."

मी सहाण बोलतेय. दिघीच्या कोळीवाड्यात गुणाजीच्या चुलीमागे राहते. हा नेम मी इतक्यांदा ऐकलाय की तो माझ्यावरच कोरलाय असं वाटतं.

मला गुणाजीच्या आईनं, ठमाबाईनं, आणलं. नेम सांगणारीही तीच. पोरांच्या पोटाला वेखंड, सुजेला मुळी, सगळं माझ्यावरच उगाळलं जाई. त्याचा मला तोरा होता.

बावन्न साली गुणाजीच्या बायकोच्या, नीराबाईच्या छातीत गाठ आली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ठमाबाईनं मुळीचे दहा वळसे दिले आणि लेप लावला.

"उतरल. पुरुषांच्या कानावर घालू नको."

उतरली नाही. लिंबाएवढी झाली तेव्हा वीस वळसे लागले. गाठ मला दिसत नव्हती, पण लेप किती लागतोय ते माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

"मुरुडला डाक्टर हाय," नीराबाई एकदा म्हणाली. "आगरदांड्याला उतरलं की..."

"खाडी ओलांड आन् नवऱ्याला बुडव."

होडी नारळी पुनवेपासून वैशाखापर्यंत रोज दर्यावर, आणि पुढे पावसात खाडीतली ने-आणच बंद. मग बाईनं जायचं कधी? हे विचारणारं घरात कुणी नव्हतं. नीराबाईची केसर तेव्हा दहा वर्षांची.

तिसऱ्या वर्षी साठ वळसे लागले. गाठ फुटली. वास यायला लागला, तसं नीराबाईचं अंथरूण जाळ्यांच्या पडवीत गेलं. अखेर नारळी पुनवेला, होडी लोटायच्या आधी, तिला पलीकडे नेलं. संध्याकाळी परत आणलं.

"डाक्टर म्हणाला, सुपारीएवढी होती तवा का न्हाय आणली?" केसर सांगत होती. "तवा कापली असती तर आय अजून लय वर्सं जगली असती."

दसऱ्याआधी नीराबाई गेली. त्या मोसमात होडी पापलेटांनी भरून आली.

"नेम पाळला, दर्यानं दिलं," ठमाबाई म्हणाली, आणि मला स्वच्छ धुऊन ठेवलं.

आता पासष्ट साल. केसर बोर्ली पंचतनच्या शाळेत शिकवते. परवा तिच्या छातीत गाठ लागली. सुपारीएवढी. तिनं लपवलं नाही. जेवताना बापासमोर सांगितलं. ठमाबाईनं मला बाहेर काढलं, मुळी हातात घेतली.

केसरनं तिच्या हातातली मुळी घेतली आणि चुलीत टाकली.

"उद्या सकाळी मी मुरुडला चाललेय."

"मोसम चालू हाय, पोरी, पहाटं होडी लोटायची हाय," गुणाजी म्हणाला. "होडीवर आमी पाच जण असतो."

"आयनं तीन वर्सं नेम पाळला. तुमी पाची जण परत आलात, बा. मग बुडालं कोण?"

मी दगड. माझं एवढंच मागणं आहे, या घरात मला पुन्हा ओलं करू नका.

ठमाबाईचा हात माझ्यावर होता, तो तसाच राहिला. गुणाजीनं ताटातून मान वर केली नाही. चुलीत मुळी जळत होती. केसर उठली आणि उद्याची पिशवी भरायला लागली.