एकोडीत पुन्हा कोंबडा आरवला

मित्रांनो, मी एक जुनी गावठी कोंबडी आहे. अंडी देणे मी केव्हाच सोडले. पायांवरचे खवले जाड झाले आहेत, एका डोळ्याने कमी दिसते आणि उन्हात बसले की डुलकी लागते. पण तुम्ही कधी साकोली तालुक्यातल्या आमच्या एकोडीत आलात, तर तलावाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या कोणत्याही अंगणात जरा थांबा. तिथे माती उकरणारी जी कोंबडी दिसेल ती माझी लेक तरी असेल, नाही तर नात. असे म्हणायचा मान मला कसा मिळाला, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म मुरारीच्या घरी झाला. मुरारी तलावात जाळे टाकून मासे धरत असे. घरात त्याची आई बायाबाई आणि बायको रेवताबाई. धानाची मळणी होऊन घरोघरी कोंडा आणि कनकी, म्हणजे तांदळाची कणी, आली होती. अशा भरल्या दिवसांत मी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, टोपल्यात अंडे फोडून बाहेर आले. सगळ्यांत शेवटी आले, आणि आले तीही अशी की माझ्या मानेवर पिसाचा एक तंतू नव्हता!

बायाबाईने मला उचलले, उलटसुलट पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"हे काय व माय! याची मान कोणं सोलली? असं पिल्लू बरं नसते. टाकून दे."

रेवताबाईने मला तिच्या हातातून हळूच घेतले. "राहू द्या ना मामी. पांघरूण अपुरं पडलं बिचारीले, तं आपण तिले घराबाहेर काढाचं का?"

सासूला ती मामी म्हणे. त्या मामीने टोपले पुढे सरकवले. मी राहिले. माझे नाव पडले बोडकी.

बायाबाईला वाईट समजू नका, मित्रांनो. कोंबड्यांवर तिच्याएवढी माया गावात कोणाचीच नव्हती. सानगडीच्या माहेराहून लग्नात आंदण म्हणून आलेल्या एका कोंबडीपासून तिने सारा कळप वाढवला होता. सकाळी खुराड्याची फळी सरकवून ती "ती-ती-ती" अशी हाक मारी आणि आम्ही पंख पसरून धावत सुटायचो. मासे साफ केल्यावर उरलेली आतडी, सुकलेले बारीक झिंगे आमच्या वाट्याला येत. पिल्लांसाठी ती मडक्यात ओले शेण आणि तणीस भरून ते वारुळापाशी पालथे घाली. दुसऱ्या दिवशी मडके उचलले की आत उधईच उधई, वळवळती वाळवी! तो खाऊ मी अजून विसरले नाही. मी दिसायला कशीही असले तरी माझ्या वाट्याची उधई बायाबाईने कधी कमी केली नाही.

मग आला वैशाख, आणि वैशाखाबरोबर मानमोडी आली.

हा कोंबड्यांचा जीवघेणा रोग. आधी पलीकडच्या गल्लीतली एक कोंबडी गळपटली. चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली, हिरवे पातळ हगू लागली, आणि मग तिची मान पाठीकडे मुरडली. काहींनी मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकल्या. कुत्र्यांनी त्या गावभर ओढत नेल्या, आणि त्यांच्याबरोबर रोगही घरोघर गेला. आमच्या खुराड्यात माझी आई गेली, माझी भावंडे गेली. बायाबाईने हळद चारली, लसूण चारला, गावदेवीला नारळ बोलली. कशाचाही उपयोग झाला नाही. तिचा तुरेवाला कोंबडा तर तिच्या मांडीवरच गेला. ती प्रत्येकाला घरामागच्या सांदवाडीत, जांभळीखाली खोल पुरत गेली.

मीही आजारी पडले होते. रेवताबाई कापसाची वात पाण्यात बुडवून माझ्या चोचीत थेंब थेंब सोडत असे. एका सकाळी मी उभी राहिले. मीच का वाचले, हे मला माहीत नाही आणि कोणालाच माहीत नाही.

बायाबाईने रिकामे खुराडे पालथे घातले. "आता या घरात कोंबडी नोको," ती म्हणाली. "जीव लावाचा अन् मातीत घालाचा. मले नाही होत आता."

"पण ही एक राह्यली ना मामी. हिले कुठी टाकू?"

"ठेव. माह्या डोळ्यापुढं आणू नोको म्हणजे झालं."

त्या वर्षी एकोडीत एकही कोंबडा उरला नाही. पहाट मुकी झाली. बाया उशिरा उठू लागल्या आणि सकाळच्या चुलीला उशीर होऊ लागला. मुरारी तर ऊन अंगावर आल्यावर जाळे खांद्यावर टाकून धावत सुटे आणि तलावावर पोचेपर्यंत दुसऱ्यांची जाळी भरलेली असत. "सूर्य तं निघते रोजच," तो चिडून म्हणे, "पण सांगणारा कोणी राह्यला नाही!"

पावसाळा आला. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धानाची रोवणी झाली. गांडुळे, टोळ, नाकतोडे मुबलक होते, पण खायला मी एकटीच. मी अंडी घालू लागले आणि एके दिवशी खुडूक झाले. खुडूक म्हणजे काय, हे कोंबड्या पाळणाऱ्या घरातल्या मुलांना माहीत असते. अंगात ऊब दाटते, खाण्यावरची वासना उडते, आणि अंड्यांवरून उठूच नये असे वाटते. मी तीन आठवडे बसले, त्याहून जास्त बसले. एकही अंडे टिचले नाही. रेवताबाईने ती काढून घेतली, तरी मी नुसत्या तणसावर बसून राहिले.

ती माझ्याजवळ उकिडवी बसली. माझ्या उघड्या मानेवरून तिने बोट फिरवले.

"गावात कोंबडा नाही व बाई. तू कितीही बसलीस तं पिल्लू कुठून येईन?"

तिचा आवाज ओला होता. पण ती नुसती रडणारी बाई नव्हती. दिवाळी आली तशी ती भाऊबीजेला आपल्या माहेरी, पवनीकडच्या कोंढ्याला गेली. तिथे काय झाले, हे तिने पुढे इतक्यांदा सांगितले की मला ते पाठ झाले आहे.

ओवाळून झाल्यावर तिचा भाऊ धनीराम म्हणाला, "बोल, कोणत्या रंगाची साडी घेऊ?"

"साडी नोको भाऊ. तो लाल कोंबडा दे मले."

धनीराम हसतच सुटला. "लोक काय म्हणतील? बहिणीले ओवाळणीत कोंबडा देल्ला म्हणतील!"

"म्हणू दे. साडी मी एकटी नेसन. कोंबडा सारं गाव जागवन."

तो लाल कोंबडा पिशवीतून मान बाहेर काढून एस.टी.ने आला. कंडक्टर सुरुवातीला कुरकुरला. पण साकोली जवळ येताच कोंबड्याने भरल्या गाडीत अशी खणखणीत बांग दिली की कंडक्टरसुद्धा हसला आणि म्हणाला, "चला, उतरा! यानं स्टॉप सांगतला!"

घरी बायाबाई दारातच बसली होती. पिशवी पाहून तिचा चेहरा कठोर झाला.

"मी बोलली होती ना, या घरात कोंबडी नोको म्हणून?"

"ही कोंबडी नाही मामी," रेवताबाई खाली मान घालून म्हणाली, "कोंबडा आहे."

मुरारीने हसू लपवायला तोंड फिरवले. बायाबाई पाठ फिरवून आत निघून गेली. रेवताबाईने पालथे खुराडे सुलटे केले, त्यात राख पसरली, आणि आम्हा दोघांना आत सोडून फळी लावली.

उजाडू लागले आणि लाल कोंबड्याने पंख फडफडवले. मित्रांनो, ती बांग मी काय वर्णू! तलावाच्या पाळीच्या बांधापर्यंत ती गेली आणि पाण्यावरून परत आली. समोरचे दार उघडले. शेजारची रंभाबाई केस न बांधताच अंगणात आली आणि ओरडली, "कोणाच्या घरचा व? कोणाच्या घरचा?" म्हातारी माणसे काठ्या टेकत बाहेर आली. मुरारी जाळे घेऊन छाती काढून चालत निघाला, जणू तोच आरवला होता.

आणि बायाबाई? ती दारात उभी होती. पदराने डोळे पुसत होती. मग ती आत गेली, सूप घेऊन आली आणि मूठभर कनकी आमच्यापुढे टाकली. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून शब्द फुटले, "ती-ती-ती..."

त्या बांगेने धीर येऊन गावातल्या घरांनी सोयऱ्यांकडून कोंबड्या आणल्या. हिवाळ्यात मी पुन्हा खुडूक झाले. या वेळी टोपल्यात कोरडे तणीस बायाबाईने स्वतः पसरले आणि एकेक अंडे हातात घेऊन खाली ठेवले. मी खायला उठले की ती अंडी फडक्याने झाकी. आणि एका सकाळी माझ्या पोटाखाली बारीक टकटक सुरू झाली. मी श्वास रोखला. एक चोच दिसली, मग ओले डोके दिसले. तांबडी, काळी, ठिपक्यांची पिल्ले बाहेर आली. त्यांतल्या काहींची मान माझ्यासारखीच उघडी होती. बायाबाई त्यांना पाहून म्हणाली, "आली का मायवर! येऊ द्या, येऊ द्या. उघड्या मानेनं उन्हाळ्यात यायलेच गार लागन."

पिल्ले चालू लागली आणि घारीची नजर त्यांच्यावर पडली. ती तलावावरून चक्कर मारत आली आणि दगडासारखी खाली पडली. मी विचार केला नाही. उडी मारून तिच्या अंगावर गेले आणि तिचा पंख चोचीत धरला. तिच्या नख्या माझ्या उघड्या मानेत रुतल्या, पण मी चोच सोडली नाही. तेवढ्यात लाल कोंबडा धावला आणि मागून बायाबाई खराटा फिरवत आली, "मर मेले! माह्या घरी खाले आली!" घार दोन-चार पिसे टाकून पळाली. पिल्ले सगळी होती, एकूण एक. त्या दिवशी बायाबाईने माझ्या जखमांना हळद-तेल लावले आणि रंभाबाईला सांगितले, "हिले बोडकी म्हणू नोको आता. वाघीण आहे ते."

पण घारीला पळवता येते. मानमोडीला चोचीने कसे पळवणार? उन्हाळा जवळ येऊ लागला तशी बायाबाईची झोप उडाली.

फाल्गुनात साकोलीहून भोजराज नावाचे जनावरांचे डॉक्टर सायकलने आले. सायकलला थर्मास लटकलेला होता, त्यात बर्फात ठेवलेली लस होती. त्यांनी चावडीपाशी सगळ्यांना समजावले की रोग आल्यावर औषध नाही, पण आधी टोचले तर कोंबडी वाचते. गर्दी जमली, पण कोंबडी घेऊन पुढे कोणीच आले नाही. कोणी म्हणाले, सुई टोचली की कोंबडी अंडी देत नाही. कोणी म्हणाले, रोग सुईतूनच येतो. रंभाबाईने तर आपली कोंबडी पदराखाली दडवली.

रेवताबाई धावत घरी आली. "मामी, आणू का आपल्या कोंबड्या? काही झालं तं..."

 बायाबाईने जांभळीखालच्या मातीकडे पाहिले. मग उठली. तिने मला काखेत मारले आणि तरातरा चावडीवर गेली. गर्दीने वाट दिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "पह्यले हिले टोच. हे माही सगळ्यात लाडाची आहे. हिले काही झालं तं मी तुले गावाबाहेर जाऊ देणार नाही. अन् नाही झालं, तं पुढच्या साली तुले वाट पाहा लागणार नाही."

सुई माझ्या पंखाखाली शिरली. दुखले, पण मी आवाज केला नाही. साऱ्या गावाचे डोळे माझ्यावर होते ना! डॉक्टरांनी सोडताच मी पिसे झटकली आणि तिथेच माती उकरू लागले. लोक हसले. रंभाबाईने पदराखालची कोंबडी बाहेर काढली. मग आमची पिल्ले आली, मग एकेक घर आले, आणि थर्मासातली लस संपेपर्यंत रांग हटली नाही.

वैशाखात मानमोडी आली. सानगडीकडून बातम्या येऊ लागल्या. आमच्या गावातही, ज्या दोन-तीन घरांनी टोचून घेतले नव्हते, तिथली खुराडी ओस पडली. बायाबाई रोज उठून आधी आमची विष्ठा पाही, मग माना पाही. रेवताबाई खुराड्यात चुन्याची भुकटी टाकी, पाण्याची भांडी घासून घासून चमकवी. कोणाच्या दारची मेलेली कोंबडी उघड्यावर दिसली की दोघी जाऊन ती पुरत आणि हातपाय धुऊनच परत येत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मृगाची पहिली सर पडली तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. आमच्यातला एकही गेला नव्हता!

बायाबाईने सुनेला जवळ ओढले. "माय व," ती म्हणाली, "तुह्या साडीचा कोंबडा जिंकला."

पुढे सानगडीहून बेबीबाई नावाची एक बाई आली. तिच्या अंगणात काहीच उरले नव्हते. बायाबाईने माझ्या लेकींतून चांगल्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, निवडल्या, सोबत एक तरणा कोंबडा दिला, आणि शेवटी पिल्लू द्यावे तसे हळुवारपणे उबवायची अंडी तणसात गुंडाळून तिच्या हाती ठेवली. वर बजावले, "फाल्गुनात टोचून घेजो. विसरशील तं मी तिथं येईन!" एकोडीची ती जात अशी सानगडीला गेली, तिथून आणखी कुठे कुठे गेली. डॉक्टर भोजराज दर फाल्गुनात येतात आणि लोक त्यांच्या आधी चावडीवर पोचलेले असतात.

मित्रांनो, आमचे मागणे फार नसते. रात्री कोरडे खुराडे, दिवसा स्वच्छ पाणी, उन्हाळ्याआधी लस, आणि मेलेल्यासाठी खोल खड्डा. एवढे केलेत तर आम्ही तुमचे अंगण भरून टाकू. आणि जे पिल्लू दिसायला वेगळे असेल, त्यालाही ऊब द्या. कोण कशाला उपयोगी पडेल, हे जन्मताना कोणालाच कळत नाही.

परवा घरी पाहुणे येणार होते. मुरारी माझ्याकडे पाहून गमतीने म्हणाला, "माय, बोडकी तं आता अंडे देत नाही..."

बायाबाईने हातातला वरवंटा तसाच खाली ठेवला.

"तिच्याकडं पाहशील तं पाहुण्यायले आज मुरारीचा रस्सा वाढीन!"

रेवताबाई खो खो हसली. मुरारी जाळे घेऊन तलावाकडे पळाला. आणि मी, मित्रांनो, अंगणाच्या मधोमध उन्हात पाय पसरले, पंख फुलवले आणि पुन्हा डोळे मिटले.