तिसरी कॉफी

बिस्त्रिक मोहल्ल्यातला हिल्मो आयुष्यात एकदाच खरं बोलला, आणि त्या दिवशी लोक सगळ्यात जास्त हसले.

हिल्मो सारायेवोत ट्रॅम चालवायचा. निवृत्त झाला तशी ट्रॅम थांबली, तोंड मात्र थांबलं नाही. त्याच्या थापा अख्ख्या गल्लीला पाठ होत्या. एकदा म्हणे असं धुकं पडलं, असं धुकं पडलं, की ट्रॅम रूळ सोडून थेट कुरणात शिरली. तिथं तीन मेंढ्या चढल्या. तिकीट मागितलं तर दोघींनी पास दाखवले, तिसरीनं मान खाली घातली.

"मग तिला उतरवलंत का?" असं कुणी विचारलं की हिल्मो दुखावल्यासारखा बघे.

"म्हातारी होती हो बिचारी. बसू दिली."

माणूस असा. पण त्याच्या घरात एक गोष्ट कधी खोटं बोलली नव्हती, ती म्हणजे कॉफी. बायको वारल्यापासून कॉफी तोच करायचा. दाणे हातचक्कीत दळायचे, दांड्याच्या पितळी भांड्यात उकळायचे, बिनकानाच्या चिमुकल्या कपांत ओतायचे, शेजारी साखरेचा खडा. आमच्याकडे पाहुण्याला पहिली कॉफी मिळते ती आल्याची. दुसरी बसून बोलण्याची. आणि तिसरी, न मागता पुढ्यात आली, तर ती निघण्याची. उरलेल्या गाळावरच पाणी ओतून उकळलेली, तबक नाही, साखर नाही. तिला सिक्तेरुशा म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ बायकांसमोर कुणी सांगत नाही. तो कप समोर आला की पाहुणा काही न बोलता आपले जोडे शोधायला लागतो. हिल्मोच्या घरात ती कुणालाच कधी मिळाली नव्हती. एकदा विजेचा माणूस मीटर तोडायला आला होता. त्यालासुद्धा दोनच पाजल्या, आणि तो मीटर तसाच ठेवून मेंढ्यांची गोष्ट ऐकून गेला.

हेमंतात वर त्रेबेविच डोंगरावर आमच्याच देशाच्या लष्कराची पोरं आली आणि खड्डे खणायला लागली. मोहल्ल्याच्या अगदी डोक्यावर. सराव आहे, म्हणाली. आता अशा वेळी बिस्त्रिकच्या लोकांनी काय केलं असेल? पोरं थंडीत कुडकुडताहेत म्हणून त्यांना कॉफी नेऊन दिली. हिल्मोची सून मेलिहा हिनं पातळ पोळीत बटाटा गुंडाळून पिटा भाजून दिली. शेजारच्या म्हाताऱ्या देसांकाबाईनं लोकरीचे मोजे विणले. आणि हे सगळं वर वाहून नेलं हिल्मोनं, कारण वर नवे श्रोते होते.

त्यांचा लेफ्टनंट लाल कानांचा, बोलायला मऊ पोरगा होता. पहिली कॉफी प्याला, दुसरी प्याला, मेंढ्यांच्या गोष्टीला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आजोबा, तुमच्याकडे तिसरीही असते म्हणे?"

"तिसरी आपल्याला मिळू नये अशी प्रार्थना कर, बाळा," हिल्मो म्हणाला, आणि तिसरी काय असते ते त्याला नीट समजावून सांगितलं. पोरं खूप हसली.

मार्च सरत आला होता. एके दिवशी लेफ्टनंटनं कप परत करताना लाजत विचारलं, "आजोबा, बघायचंय?" खड्ड्यात आता तोफ होती, आणि तिच्या बाजूला दुर्बीण लावलेली होती. हिल्मो वाकला. आधी नुसतं धूसर हिरवं दिसलं. मग लेफ्टनंटनं काहीतरी फिरवलं आणि समोर आलं ते त्याचं स्वतःचं अंगण. अक्रोडाचं झाड. दोरीवर तान्ह्या नातीचे, उनाचे, लंगोट वाळत घालणारी मेलिहा, दातांत एक चिमटा धरलेली. आणि भिंतीच्या आडोशाला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, त्याच्याच वाफ्यातली कांद्याची पात खुडणारी देसांका.

हिल्मो सरळ उभा राहिला. "कशाकरता आहे ही तोफ, बाळा?"

"सरावाकरता," लेफ्टनंट म्हणाला. त्यानं मान मात्र वर केली नाही.

हिल्मो खाली उतरला. संध्याकाळी त्यानं अंगणात सगळ्यांना सांगितलं. तोफ आपल्याकडे तोंड करून बसलीये. मी आत बघितलं. मेलिहाच्या दातांतला चिमटासुद्धा दिसला.

"अहो, चिमटा कसला होता, लाकडी की प्लास्टिकचा?" कुणीतरी ओरडलं.

"आणि ही शेजारीण माझी पात चोरत होती!" हिल्मो म्हणाला.

"मी?" देसांकानं कंबरेवर हात ठेवले. "शेजारी, आजवर मेंढ्यांवर भागत होतं. आता माझ्यावर आलात?"

सगळे इतके हसले की तान्ही उना दचकून रडायला लागली.

एप्रिल लागला तसे रस्त्यांवर आडवे ट्रक आले. रात्री बंदुका वाजायच्या आणि सकाळी लोक फुलांच्या कुंड्यांतून काडतुसांच्या रिकाम्या नळ्या वेचायचे. तरीही म्हणायचे, आठवड्याभरात निवळेल. मग एका सकाळी ट्रॅमची घंटा ऐकू आली नाही. इतरांना ते जाणवलंही नसेल. हिल्मो मात्र दाराशी उभा राहून खूप वेळ खाली नदीकडे कान लावून होता.

त्याच दुपारी पहिला गोळा पडला, खालच्या गल्लीत, बेकरीच्या भिंतीवर. पाव घ्यायला उभ्या असलेल्यांतले काही परत आले नाहीत. त्यानंतर सगळी गल्ली तळघरांत उतरली. हिल्मोच्या तळघरात बटाटे होते, मेलिहा होती, उना होती, आणि पलीकडच्या घराला तळघर नसल्यानं देसांकाही होती.

वरून धूळ पडत होती. देसांका पदरावरची धूळ झटकत होती. मग एकदम म्हणाली, "शेजारी, त्या दिवशी मी पात तोडली होती."

"ठाऊक आहे."

"पण त्या कोपऱ्यातलं तुमच्या दारातून दिसत नाही. खिडकीतून दिसत नाही. म्हणूनच तर मी..." ती थांबली. "ते फक्त वरूनच दिसतं."

मेलिहानं उनाला आणखी घट्ट धरलं. कुणीच हसलं नाही. खरं मानायला लोकांना एवढा वेळ लागला, आणि आता त्यांनी मानलं तर हिल्मोला कसलंच सुख झालं नाही.

शहरातून बायका-मुलांच्या बस निघत होत्या. ही शेवटची, ही शेवटची असं रोजच म्हणत, आणि एक दिवस ती शेवटचीच ठरणार हे सगळ्यांना कळत होतं. एका बसचा ड्रायव्हर देसांकाचा भाचा होता. "मेलिहा आणि उनाची जागा ठेवतो म्हणालाय, उद्या सकाळी," ती सांगत आली. हिल्मोचा मुलगा नेर्मिन जर्मनीत फिटर होता. फोन लागला की मेलिहाला एकच सांगायचा, निघ, निघ.

मेलिहा मात्र हलायला तयार नव्हती.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी विसोकोला जातो, बहिणीकडे."

"आत्या गेल्या त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या मयतीला वाटायचा हलवा मीच ढवळला होता."

हिल्मोनं डोकं खाजवलं. "बरं, मग खरं सांगतो. मी लग्न करतोय. या देसांकाशी. घरात नवीन बाई येणार, सुनेची अडचण होते."

"मला कुणी विचारलं का?" देसांका म्हणाली. "आणि लग्न करायचंच असतं तर तोंड मिटून बसणाऱ्याशी केलं असतं."

मेलिहा हसली, मग हसता हसता तिचा आवाज बदलला. "बाबा, तुमच्या थापा मला कळतात. गोळे पडताहेत हे खरं आहे, वरून आपण दिसतो हेही खरं आहे. पण तुम्हाला रक्तदाबाची गोळी आठवत नाही. गॅस चालू ठेवून झोपता. तुम्हाला इथं ठेवून मी गेले, तर नेर्मिनला काय तोंड दाखवू? जाऊ तर तिघंही जाऊ."

"बस बायका-मुलांची आहे."

"मग प्रश्नच मिटला." ती लंगोट पिळायला उठली.

सकाळी थोडा वेळ शांत होतं. हिल्मोनं चक्की काढली. दाणे थोडेच उरले होते, तरी त्यानं मूठभर दळले. स्वयंपाकघरात मेलिहा आणि देसांका बसल्या. मेलिहाच्या मांडीवर उना. पहिली कॉफी आली, तबकात, साखरेच्या खड्यासकट. दुसरी आली. एरवी दुसऱ्या कॉफीला हिल्मोची गाडी कुरणातून निघायची. आज तो स्टोव्हकडे तोंड करून उभा होता आणि एक शब्द बोलत नव्हता.

मग त्यानं त्याच गाळावर पाणी ओतलं.

भांड्यात फेस वर आला तसा देसांकाचा हात कपावर थिजला. "शेजारी," ती हळूच म्हणाली, "काय करताय?"

हिल्मोनं एकच कप भरला. तबकाविना, साखरेविना तो मेलिहाच्या समोर ठेवला आणि मागं सरकला.

मेलिहानं आधी कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पाहुण्याला सिक्तेरुशा दिली तर अपमान होतो. घरच्या माणसाला दिली तर त्याला घरातून काढलं असं होतं. या घरात लग्न होऊन आली त्या दिवशी उंबऱ्यावर तिला गोड दिलं होतं, ते याच हातांनी.

"मी पाहुणी आहे?"

हिल्मोच्या ओठांवर निदान चार थापा आल्या असतील. त्यानं दात मिटून धरले. जन्मात एवढं कठीण काम त्यानं केलं नव्हतं. आयुष्यभर त्याचं तोंड खोटं बोललं आणि कॉफी खरं बोलली. आज तोंड बंद होतं आणि खोटं बोलण्याची पाळी कॉफीवर आली होती.

"बाबा, मी तुमच्या घरात पाहुणी आहे का?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मेलिहानं तो कडू, पाणचट कप उचलला, गाळापर्यंत प्याली आणि पालथा घातला. मग उठून उनाला शालीत बांधलं, एक पिशवी भरली आणि जोडे शोधायला लागली.

उतारावरून खाली जाताना ती पुढं चालत होती. भिंतीला धरून, वळणावर थांबून, पुन्हा भिंतीला धरून. हिल्मो पिशवी घेऊन मागं. चौकात बस भरली होती, काचांना आतून गाद्या लावलेल्या होत्या. देसांकाच्या भाच्यानं दोघींना वर घेतलं. इंजिन सुरू झालं तेव्हा एक गादी बाजूला सरली आणि फटीतून मेलिहाचं तोंड दिसलं.

"त्या मेंढीला तुम्ही बसू दिलंत," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "मला उतरवलंत."

"उतरवलं नाही, पोरी," हिल्मो म्हणाला. "चढवलं."

ती काही बोलली का ते बसच्या आवाजात कळलं नाही. गादी पुन्हा जागेवर आली. बस पश्चिमेच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली तरी हिल्मो ट्रॅमच्या रुळांवर उभा होता. शेवटी कुणीतरी त्याला ओढून भिंतीआड नेलं. ती बस पार गेली. संध्याकाळी भाच्याचा निरोप आला. त्यानंतरच्या बसला वाट मिळाली नाही.

घरी परत आला तेव्हा अंगणात दोरीवर कालचे लंगोट तसेच होते. हिल्मोनं ते एकेक करून उतरवले, घाई न करता, डोंगराकडे तोंड करून. चिमटे खिशात टाकले. मग आत जाऊन पुन्हा स्टोव्ह पेटवला.

"आता कुणाला कॉफी?" देसांका दारातून म्हणाली. "आणि बाहेर पातीकडे जाऊ नका. तो कोपरा दिसतो वरून, मला सांगायला नको."

"दिसतो म्हणूनच."

त्याच गाळावर तिसऱ्यांदा पाणी पडलं होतं. रंग असा की कॉफी म्हणायला लाज वाटावी. हिल्मोनं कप भरला आणि अंगणाच्या भिंतीवर, पातीच्या वाफ्याच्या वर, नेऊन ठेवला. तबक नाही. साखर नाही.

"शेजारी, वेड लागलं का तुम्हाला?"

"वरच्यांनी माझ्याकडची पहिली प्यायली. दुसरी प्यायली. तिसरी राहिली होती."

"त्यांना काय कळतंय!"

"लाल कानाच्या पोराला कळतं. मी समजावून सांगितलीये." तो तिच्याजवळ दाराच्या आड येऊन उभा राहिला. "आणि त्याची दुर्बीण चांगली आहे. दातांतला चिमटा दिसतो, कप दिसणार नाही?"

दोघं म्हातारे उभे राहिले. कपातून वाफ निघत होती, मग निघेनाशी झाली. खाली कुठंतरी कुत्रं भुंकलं. देसांका म्हणाली, "चला, गार झाली," आणि तेवढ्यात वरून एकच गोळी आली. भिंतीवरचा कप नाहीसा झाला. पातीवर चिनी मातीचे बारीक पांढरे तुकडे पडले आणि भिंतीवरून कॉफीचा एक ओघळ खाली येऊ लागला.

आता ही गोष्ट बिस्त्रिकमध्ये सगळे सांगतात. नेम एवढा कसा लागेल, असं विचारणारेही असतात. देसांका त्यांना सांगते की मी शेजारी उभी होते, आणि मी हिल्मो नाही.

हिल्मोनं त्या ओघळाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या मिशा हलल्या.

"समजली," तो म्हणाला. "समजली त्यांना."

मग तो आत गेला आणि दुसरा कप घेऊन आला. घरात अजून होते.