हातभर कमी

आमच्या दारात बुटांचा ढीग असतो. घरात शिरायचं तर आधी तो पायाने बाजूला सारावा लागतो. खिडकीच्या गजांवर मोजे वाळत असतात, न्हाणीघरात गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या लटकत असतात आणि जेवायच्या टेबलावर मिठाच्या शेजारी दुखऱ्या पायाला चोळायच्या मलमाची ट्यूब. एकदा मी तीच दात घासायला घेतली होती. त्यावरून दोन्ही मुली अजून हसतात. मोठी आधी पळायची, आता धाकटी पळते. त्यांची आई म्हणते, मी मुली वाढवल्या नाहीत, घोडे पाळले.

मी क्रीडामंडळाच्या मैदानावर कामाला. गवत कापायचं, रोलर फिरवायचा, पाणी मारायचं आणि स्पर्धेच्या आधी फक्कीने, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीने, पळायच्या रेषा आखायच्या. ती भुकटी भुवयांवर बसते म्हणून पोरंसोरं मला फक्कीकाका म्हणतात. रेषा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सांगत फिरायचो.

सरळ रेषा सोपी. अवघड असतं वळण. मैदानाच्या दोन्ही टोकांना मधोमध एकेक खुंटी ठोकायची, खुंटीला दोरी बांधायची, दोरी ताणून तिच्या दुसऱ्या टोकाशी फक्कीचा डबा धरायचा आणि गोल चालत जायचं. दोरी जेवढी लांब, तेवढं वळण मोठं. ती दोरी मला माझ्या आधीच्या माणसाने दिली होती, मापाला गाठ मारून. नऊ वर्षांपूर्वी ती कुजली. मी बाजारातून सुती दोरी आणली, जुनीच्या शेजारी अंथरली आणि त्याच ठिकाणी गाठ मारली. पुढे ती ओल्या गवतात भिजली, वाळली, पुन्हा भिजली. सुती कापड धुतलं की आखडतं हे घरातल्या बाईमाणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. दोरीच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

क्रीडामंडळाच्या कपाटात मोजायची टेप होती. सर, म्हणजे तिथले प्रशिक्षक, नियमाचे पक्के. दर मोसमाच्या सुरुवातीला ते मला विचारायचे, टेप लावून बघितलंस ना? मी म्हणायचो, "हो."

मला आकडे वाचता येत नव्हते. अक्षर नाही, आकडा नाही. सही तेवढी बोटांना पाठ होती. टेप उघडली की मला मुंग्यांची रांग दिसायची. हे घरात फक्त हिला ठाऊक होतं, बाहेर कोणालाच नाही. वेळ मारून न्यायची इतकी सवय झाली होती, की तो 'हो' तोंडातून जाताना कुठे अडकायचाही नाही.

त्या सुती दोरीच्या दुसऱ्या वर्षी मोठीने आठशे मीटरमध्ये, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्यांत, विक्रम केला. दोन मिनिटं चोवीस सेकंद आणि वर एक दशांश. मैदानाच्या फाटकापाशी विक्रमांचा लाकडी फलक आहे, त्यावर तिचं नाव लागलं. ते नाव मला वाचता येत नव्हतं, पण किती खाली, किती उजवीकडे, हे पाठ होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी बोट ठेवून दाखवायचो. दोन वर्षांनी तिचा गुडघा गेला आणि पळणं सुटलं. आता ती दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर उभी असते, संध्याकाळी गुडघा धरून बसते. तिच्या पळण्याचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, फलकावरची ती ओळ.

धाकटी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. माझं बिंग तिनेच फोडलं, पण हळूच. लेनचे इंग्रजी आकडे उमटवायला माझ्याकडे पत्र्याचे साचे होते. ते मी ठरल्या क्रमाने एकावर एक ठेवायचो. एकदा कोणीतरी ते पाडले आणि मी सहाचा साचा उलटा ठेवून फक्की मारली. धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची. जवळ येऊन उभी राहिली, बघितलं, इकडेतिकडे कोणी नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "बाबा, आपल्याकडे आठच लेन आहेत. नववी कुठून आणली?"

ती हसली नाही. पायाने तो आकडा पुसला. दुसऱ्या दिवसापासून सराव संपला की अवजारांच्या खोलीत, सांडलेल्या फक्कीत बोटाने आकडे काढून ती मला शिकवू लागली. आधी आकडे, मग अक्षरं. चुकलो की माझ्याच आवाजात म्हणायची, "रेषा सरळ आली पाहिजे हं." दोन वर्षं लागली. ज्या दिवशी मी स्टॉपवॉच बघून तिची वेळ तिला स्वतः वाचून दाखवली, त्या दिवशी तिने धापा टाकत मला मिठी मारली. तेव्हापासून तिच्या सरावाचं घड्याळ माझ्याच हातात.

या मोसमाच्या आधी मला वाटलं, आता खरंच टेप लावून बघावं. कोणी बघत नव्हतं. सकाळी मैदानावर दोरी ताणली, शेजारी टेप ताणली. वळणाला साडेछत्तीस मीटर दोरी लागते, हे सरांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. गाठ आली छत्तीसलाही दोन बोटं कमी. मी पुन्हा मोजलं. आकडा चुकीचा वाचतोय असं वाटलं, म्हणून एकापासून मोजत आलो. आकडा बरोबर होता. दोरी हातभर, नव्हे, हातभराहून जास्त आखडली होती. म्हणजे इतकी वर्षं मी लहान मैदान आखत होतो.

मला पहिल्यांदा सर आठवले नाहीत. फलकावरची ओळ आठवली.

दोरी गुंडाळून अवजारांच्या खोलीत फळीमागे टाकली आणि टेपने नवं, बरोबर वळण आखलं. मनाची समजूत घातली की, यापुढे खरं आखतोय ना, मग झालं. मागचं उकरून कोणाचं भलं होणार? मोठीचं तर नाहीच.

पण मैदान मोठं झालं होतं आणि ते फक्त मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी धाकटी जेवढ्या वेळात पळायची, त्यापेक्षा तिला आता सेकंदभर जास्त लागू लागला. ती सरावाला अर्धा तास लवकर येऊ लागली. जिने चढली, टेकाड चढली, तरी घड्याळ हलेना. दोन सव्वीस. दोन सव्वीस. मी आकडा वाचायचो आणि ती गुडघ्यांवर हात टेकून खाली बघायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी हळू होत चाललेय का?"

तेव्हा सांगता आलं असतं. घड्याळ माझ्या हातात होतं, वळण तिच्या मागेच होतं, बोट दाखवायचा अवकाश. मी म्हणालो, "या वयात होतं असं. अंग भरतं ना मुलींचं."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

त्यानंतर तिने दूध सोडलं. मग अंडी. जेवताना ताटात अन्न इकडून तिकडे ढकलायची. ही मला म्हणायची, अहो, विचारा तरी तिला काय झालंय, तुमचंच ऐकते. मी मान डोलवायचो आणि पाणी प्यायला उठायचो. मोठी एका सुट्टीला घरी होती तेव्हा तिने धाकटीचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं, नर्स बघतात तसं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मोज्यांच्या जोड्या लावत बसलो.

मोसमाची शेवटची स्पर्धा आली. त्यानंतर धाकटी वयाने त्या गटातून बाहेर पडणार होती. फलकावर नाव लागायचं तर हीच वेळ. ती पहिली आली. दुसरी मुलगी वीस पावलं मागे होती. सरांनी वेळ जाहीर केली: दोन चोवीस आणि नऊ दशांश. मोठीचा विक्रम सेकंदाहूनही कमी फरकाने हुकला. लोक टाळ्या वाजवत होते. धाकटीने मोठीला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, तुझी ओळ कोणी हलवत नाही बघ." मोठीने तिचे केस विस्कटले. मी दोघींपासून चार हातांवर रिकामा फक्कीचा डबा घेऊन उभा होतो.

घरी आल्यावर धाकटीने खिळ्यांचे बूट धुतले, कागदात गुंडाळले आणि आईला दिले. कोणाला लागत असतील तर दे म्हणाली. रडली नाही. आता बास, एवढंच म्हणाली. दारातल्या ढिगातून एक जोड कमी झाला. ढीग तसाच दिसत होता, तरी मला त्यातली रिकामी जागा दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मोठीला सुट्टी होती. मी दोघींना म्हणालो, मैदानावर जरा काम आहे, चला. धाकटी नको म्हणत होती. आईने डोळे वटारले तेव्हा निघाली. मी फळीमागून दोरी काढली. एक टोक मोठीच्या हातात दिलं, दुसरं धाकटीच्या, आणि दोरीला लागून टेप ताणली.

"गाठीपाशी काय आहे ते वाच," मी धाकटीला म्हणालो.

तिने वाचलं. मग खुंटीकडे पाहिलं. ती हुशार आहे, मला पुढचं सांगावं लागलं नाही. मोठीने मोबाईल काढून हिशेब केला. एका फेरीला सव्वातीन मीटर कमी, दोन फेऱ्यांना साडेसहा. साडेसहा मीटर पळायला सेकंदाहून जास्त लागतो, हे तिघांनाही घड्याळ न बघता ठाऊक होतं.

मी सगळं सांगितलं. सुती दोरी, सरांचा प्रश्न, माझा 'हो'. मोठी ऐकत राहिली आणि मग सावकाश म्हणाली, "म्हणजे मी आठशे पळालेच नाही कधी."

"तू पळालीस," मी म्हणालो. "मी कमी आखलं."

तिने दोरी खाली ठेवली. गुडघा धरून गवतावर बसली. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती फक्त फाटकाकडे बघत होती.

धाकटीने दोरी सोडली नव्हती. तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

इथे आणखी एक खोटं खपलं असतं. काल कळलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"मोसमाच्या आधी," मी म्हणालो. "आठ महिने झाले."

"आठ महिने तुम्ही मला वेळ वाचून दाखवत होता." तिचा आवाज चढला नाही. "वाचायला मीच शिकवलं होतं."

तिने गाठ माझ्या हातात दिली आणि चालत निघून गेली. पळत गेली असती तर मी मागे गेलो असतो. चालत जाणाऱ्या माणसाला कसं थांबवायचं ते मला कळलं नाही.

मोठी उठली आणि म्हणाली, चला, सरांकडे. तिने मला एकट्याला जाऊ दिलं नाही, आणि माझ्या बाजूने एक शब्दही बोलली नाही. दोन्ही बरोबरच होतं. सर आता थकलेत, कानाला कमी ऐकू येतं. मला सगळं दोनदा, मोठ्याने सांगावं लागलं. बाहेर चेंडू घेऊन थांबलेल्या पोरांनीही ऐकलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते बराच वेळ टेपची डबी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "अरे, मला सांगायचं होतंस. मी वाचून दिलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं."

इतकी वर्षं मी जे लपवत होतो, त्याची किंमत दोन मिनिटं होती. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि ती जमीनही मीच चुकीची आखलेली.

त्या वर्षांतल्या तीन ओळी फलकावरून काढायचं ठरलं. फलक पुसायचं काम माझंच. मोठीची ओळ मी शेवटी घेतली. आता ती मला वाचता येत होती, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या दशांशापर्यंत. ओल्या फडक्याने रंग जाईना, घासावं लागलं. मोठी शेजारी शिडी धरून उभी होती. म्हणाली, बाबा, घाई करू नका, पडाल.

तिथे नवा विक्रम कोणाचा, यावर सरांचा निकाल साधा होता: बरोबर मैदानावरची सर्वांत चांगली वेळ धाकटीची. तिचं नाव त्यांनी दुसऱ्या माणसाकडून रंगवून घेतलं. धाकटी ते बघायला गेली नाही. दोन महिने ती मैदानाकडे फिरकली नाही. घरात माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मीठ द्या. दार लावा. दूध मात्र पुन्हा पिऊ लागली, मी समोर नसताना.

तिचे बूट आईने कोणाला दिलेच नव्हते. कपाटात वरच ठेवले होते. एका संध्याकाळी ते दारातल्या ढिगात दिसले आणि दुसऱ्या सकाळी ना ते तिथे होते, ना धाकटी घरात. मी मैदानावर गेलो तर ती क्रीडामंडळाच्या कपाटातली टेप घेऊन उभी होती. मोठी स्टॉपवॉच गळ्यात घालून बाकावर बसली होती, पाय लांब करून.

घड्याळ आता मोठीच्याच हातात असतं. मी मागत नाही.

हल्ली वळण आखायच्या आधी धाकटी येते. मी खुंटीपाशी टेपचं टोक धरून बसतो, ती दुसरं टोक घेऊन लांब जाते, ताणते आणि आकडा मोठ्याने वाचते. मला तो तिथून दिसत नाही, हे तिला ठाऊक आहे. ती थांबते. मग मी उठतो, गवत तुडवत तिच्यापर्यंत चालत जातो, वाकून स्वतः बघतो आणि म्हणतो, हो.