लिफ्टकाकांचं यंत्र, काकूंचं बी

लिफ्टकाकांनी आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. बसवलेली लिफ्ट लोकांना वापरू द्यायची की नाही ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. आणि सांगायला त्यांच्याकडे तीनच शेरे होते: वापरास योग्य, वापरास अयोग्य, आणि दुरुस्तीनंतर योग्य. खोटा शेरा त्यांनी जन्मात दिला नाही. एकदा तर त्यांनी आपल्याच कचेरीची लिफ्ट बंद पाडली आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या साहेबांना महिनाभर जिने चढायला लावलं. काका निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी त्यांच्या सचोटीवर भाषण ठोकलं, पण ते बसूनच.

माणूस निवृत्त होतो, त्याची खोड होत नाही. काकांनी घरातल्या बिजागऱ्या तपासल्या, शेजाऱ्याची शिडी तपासली, काकूंच्या सुरीची धार तपासली आणि बोट कापून घेतलं. काकू हे सगळं सोसत होत्या, कारण त्यांचा जीव परसातल्या टोमॅटोंमध्ये होता.

ते टोमॅटो काही असे-तसे नव्हते. दिसायला वेडेवाकडे, देठाशी हिरवे, आणि झाडाची पानं बटाट्याच्या पानांसारखी रुंद. चव मात्र अशी, की पाहुणे मीठ मागायचं विसरायचे. बी काकूंच्या आईचं होतं. आई गेली तेव्हा भावंडांनी कपाटं वाटून घेतली, काकूंनी बियांची डबी तेवढी मागून घेतली. दर हंगामाला त्या सगळ्यात चांगल्या फळाला चिंधी बांधत, ते झाडावरच पार पिकू देत, बी काढून वाटीत आंबवत, धुऊन ताटलीत पसरत आणि खिडकीशी सावकाश वाळवत. नवं बी डबीत गेलं की जुनं पाखरांना, ही आईचीच शिस्त. आईचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं ते त्या डबीत होतं.

त्या वर्षी टोमॅटो उदंड आले. खाऊन झाले, वाटून झाले, शेजारीपाजारी काकूंना बघून दार लावून घ्यायला लागले. तेव्हा काकूच म्हणाल्या, की हल्ली भाज्या वाळवायचं यंत्र मिळतं म्हणे, बघू या का एखादं. म्हणाल्या आणि फसल्या.

काकूंच्या धाकट्या भावाला घरात सगळे झटपट म्हणत. त्याने ताईकडून टोपलीभर टोमॅटो नेले आणि त्याच दिवशी पहिल्या दिसलेल्या दुकानातून यंत्रही नेलं. का, तर त्याचा रंग फ्रिजला शोभत होता. रविवारी त्याने कौतुकाने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि यंत्र टेबलावर मांडलं. काकांनी जेवण अर्धवट टाकून यंत्रावर हात ठेवला, मग कान ठेवला, आणि भर पंगतीत शेरा दिला, "आतली तार तापतच नाही. हे यंत्र नाही, पंखा आहे. वापरास अयोग्य." झटपटची बायको हसून हसून बेजार झाली आणि त्या दिवसापासून नवऱ्याला पंखेवाले म्हणायला लागली.  झटपटने ते मनात ठेवलं.

इकडे काकांची निवड सुरू झाली. गोल यंत्र की चौकोनी? पंखा खाली की मागे? खाली असला तर खालच्या जाळीवरचं आधी वाळतं आणि वरचं रडत बसतं. जाळ्या प्लॅस्टिकच्या की स्टीलच्या? झाकणातून वाफ किती निसटते? काका खिशात थर्मामीटर घेऊन दुकानोदुकानी फिरले. एका दुकानदाराने त्यांना लांबून पाहिलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. घरी ते लोकांचे अभिप्राय वाचत बसत. एकाने लिहिलं होतं, "अप्रतिम यंत्र, अजून खोका उघडलेला नाही." दुसऱ्याने यंत्राला वाईट म्हटलं होतं, कारण त्याच्या सुनेला ते आवडलं होतं. काका हे सगळं गंभीरपणे वाचत, आणि बाहेर परसात टोमॅटो एकेक करून गळून पडत. काकू रोज सकाळी सडके टोमॅटो उचलत आणि खिडकीतून दिसणाऱ्या नवऱ्याच्या टकलाकडे बघत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्या पुटपुटत, आणि टोपली मात्र भरत.

शेवटी यंत्र आलं तेव्हा झाडांवर शेवटचा तोडा उरला होता. यंत्र होतं मात्र झकास. काकांनी प्रत्येक जाळीवर थर्मामीटर ठेवून पाहिला, काटा कुठे हलेना. सांगितलं तेवढंच तापमान, कणभर कमी नाही की जास्त नाही. काकांचे डोळे पाणावले. अशी लिफ्ट त्यांना उभ्या नोकरीत भेटली नव्हती.

मग काय, नव्याचे नऊ दिवस. टोमॅटो वाळले, गाजरं वाळली, भोपळा वाळला, सफरचंदं वाळली, पुदिना तर असा वाळला की झाकण उघडताच उडून गेला. टोपलीभर माल आत जाई आणि मूठभर चिपाडं बाहेर येत. ती चिपाडं काका बरणीत भरत, आणि खायच्या वेळी पाण्यात भिजत घालून पुन्हा होती तशी करायला बघत. हा उद्योग कशासाठी, असं काकूंनी एकदा विचारलं. काका म्हणाले, टिकतं. भाजी चिरायच्या काकू, जाळ्या धुवायच्या काकू. काका बटण दाबायचे आणि समाधानाने शेजारी खुर्ची टाकून बसायचे.

अशातच एक दिवस हवा कुंद झाली. काकू बाजारात गेल्या होत्या आणि खिडकीशी ताटलीत बी होतं, अजून ओलसर. काकांनी ते बघितलं आणि त्यांना राहवेना. इतकं मोलाचं बी, आणि ते असं उघड्यावर, लहरी हवेच्या भरवशावर? घरात एवढं चोख यंत्र असताना? त्यांनी बी जाळीवर पसरलं, सर्वांत वरचं तापमान लावलं आणि चांगलं कुरकुरीत होईपर्यंत वाळवलं. मग होतं तसं ताटलीत ठेवून दिलं. काकू आल्या, बियांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, या वेळी लवकर वाळलं. काका गालातल्या गालात हसले. रोपं तरारून आली की मगच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बायकोला खूश करायचे बेत त्यांनी आयुष्यात फार केले नव्हते, त्यामुळे त्यांना हा फारच आवडला.

पेरणीचे दिवस आले. काकूंनी माती चाळली, बी पेरलं, पाणी शिंपडलं. माती तशीच राहिली. काकूंनी पुन्हा पेरलं, डबी झटकून पेरलं. एक अंकुर येईना. काका गुपचूप आत गेले. त्यांनी यंत्राबरोबरची पुस्तिका काढली. ती त्यांनी दोनदा वाचली होती, फक्त शेवटचं पान सोडून, कारण त्यावर "हे करू नका" असं लिहिलं होतं, आणि ते पान बावळटांसाठी असतं अशी त्यांची समजूत होती. तिथे लिहिलं होतं, की पेरायचं बी यात वाळवू नका, मरतं. यंत्र भिकार असतं तर काही बिया वाचल्या असत्या. पण यंत्र उत्तम होतं, त्याने एकही सोडली नव्हती. बरणीतल्या चकत्यांमध्येही बी होतं, पण तेही त्याच वाटेने गेलेलं.

संध्याकाळी काकू रिकाम्या मातीकडे बघत म्हणाल्या, "माझा हात गेला आता. आईनं एवढं टिकवलं, माझ्या हातून मेलं."

हीच वेळ होती बोलायची. काकांनी तोंड उघडलं, आणि बंद केलं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, की खोटा शेरा न बोलताही देता येतो. जेवण गोड लागेना, झोप लागेना, यंत्राकडे बघवेना.

आठवड्याने काकूंनी त्यांना झटपटकडे पाठवलं, आपली शिडी परत आणायला. झटपटच्या मागच्या दारी, सांडपाण्याच्या पाइपाशी, काकांना रोपांचं एक बेट दिसलं. पानं रुंद, बटाट्यासारखी. काका खाली वाकले. पान चुरगळून वास घेतला. तोच वास.

झटपटला रोपांचं काहीच कौतुक नव्हतं. तो म्हणाला, तुमच्या त्या पंख्यातल्या चकत्या वाळल्याच नाहीत, आंबल्या, घरभर घाण वास सुटला, तेव्हा बायकोने जाळ्यांसकट इथे उपड्या केल्या. त्याच उगवल्या असतील. काका म्हणाले, मला दे. त्यांचा आवाज असा आला, की झटपटने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हळूहळू सगळं काढून घेतलं, आणि काकांनीही सगळं सांगून टाकलं.

"रोपं न्या की, भाऊजी, आईचंच बी आहे," झटपट म्हणाला. "पण रविवारी जेवायला या. आणि माझ्या यंत्राची पुन्हा तपासणी करा. सगळ्यांसमोर."

काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, दुसरं काहीही माग. झटपटला दुसरं काही नको होतं. घरात पंखेवाले होऊन राहणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं, असं तो म्हणाला, आणि खरंच कळवळून म्हणाला. काका रिकाम्या हाताने घरी आले. शिडीसुद्धा विसरले.

रविवारी तीच मंडळी, तेच टेबल, तेच यंत्र. झटपटने बटण दाबलं. पंखा घरघरला. काकांनी हात ठेवला. यंत्र गार होतं. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, काकू भूकच मेल्यासारख्या ताटात नुसतं बोट फिरवत होत्या. काकांनी घसा खाकरला.

"तपासलं," ते म्हणाले. "वापरास योग्य."

झटपटची बायको घास हातात धरून बघत राहिली. झटपट एवढा फुलला, की त्याने स्वतः उठून सगळ्यांना वाढलं.  काकू मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. गुडघेदुखीवाल्या साहेबांना ज्याने दयामाया दाखवली नाही, तो माणूस आज भर पंगतीत खोटं बोलला होता, आणि ते कळायला काकूंना यंत्राला हात लावायची गरज नव्हती.

येताना काकांच्या हातात रोपांचा ट्रे होता. ही कुठली, असं काकूंनी विचारलं नाही. पानं बघून त्यांनी फक्त ट्रे स्वतःच्या हातात घेतला आणि घरी पोचेपर्यंत पोटाशी धरून ठेवला. घरी आल्यावर ओट्याशी उभं राहून काकांनी एकदाचं बोलायला सुरुवात केली. बी, यंत्र, कुंद हवा.

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "आपल्या घरात जाळ्या कोण धुतं? त्याच संध्याकाळी जाळीत बी अडकलेलं सापडलं. पण तोवर जुनं पाखरांना घालून झालं होतं."

 काकांनी विचारलं, की मग पेरलं कशाला, आणि हात गेला वगैरे का म्हणालीस.

"पेरलं ते आशेनं. एखादं तरी वाचलं असेल म्हणून," काकूंचा आवाज जरा ओला झाला. मग त्यांनी नाक पुसलं. "आणि बाकीचं म्हणाल तर, मीही तपासत होते. माणूस किती दिवस गप्प बसतो ते."

काकांनी मान खाली घातली आणि निकाल विचारला.

"दुरुस्तीनंतर योग्य," काकू म्हणाल्या. मग त्यांनी यंत्रातल्या सगळ्या जाळ्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि रोपं लावायला परसात निघून गेल्या.

काकांनी बाह्या वर सारल्या. जाळीच्या भोकाभोकात भोपळा सिमेंटसारखा बसला होता. ब्रश आत जाईना, नख लागेना, कोपऱ्यात तर पाणीसुद्धा पोचेना. काकांनी बराच वेळ घासलं, मग दमून जाळी उजेडात धरून पाहिली. एवढी दुकानं पालथी घातली, एवढे अभिप्राय वाचले, पण यंत्र निवडताना ही एक गोष्ट तपासायची त्यांच्या डोक्यातच आली नव्हती.